टिळकवाडीतली जिम: लेग कर्ल एक नंबर, लेग प्रेस अर्धीच

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटकडच्या या जिममध्ये एसी, आरसे, मोठ्या आवाजातली गाणी सगळं आहे, फी इतरांइतकीच. आम्ही बघितलं ते एवढंच: मशीनवर सांधा पूर्ण फिरतो का, आणि स्नायू ताणलेला असताना त्याच्यावर भार राहतो का.

यात सगळ्यात उजवं ठरलं ते बसून करायचं लेग कर्ल, म्हणजे गुडघे वाकवून पायामागचा रोलर ओढायचं मशीन. बसल्यावर मांडीमागचे स्नायू आधीच ताणले जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ आठवड्यांत बसून केलेल्या कर्लने हे स्नायू सुमारे १४ टक्के वाढले, पालथं पडून केलेल्याने ९ टक्के. मात्र सेटिंग नीट हवं. पाठीची गादी पुढेमागे करून गुडघा मशीनच्या पिव्हट बोल्टच्या (ज्याच्याभोवती दांडा फिरतो तो) बरोबर रेषेत आणा. रोलर पोटरीवर घासत सरकायला लागला, तर गुडघा रेषेत नाही असं समजा. मांडीवरचा पॅड घट्ट दाबा, नाहीतर बूड उचलतं आणि ताण निघून जातो.

केबल मशीनच्या पुल्या गुळगुळीत आहेत. इथे केबल फिरत्या पुलीवरून येते, म्हणून स्टॅकवरचे (मशीनमधल्या वजनांच्या चळतीतले) २० किलो हाताला १० च लागतात. दुसऱ्या जिममधला आकडा इथे लावू नका. लॅटरल रेझसाठी, म्हणजे हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायला, हे मशीन डंबेलपेक्षा सरस. डंबेल खाली लोंबकळताना खांद्यावर भार जवळजवळ नसतोच, हात आडवा झाला की एकदम येतो. पुली मनगटाच्या उंचीच्या खाचेत लावा, सुरुवातीपासूनच खांदा कामाला लागतो.

प्रीचर बेंचची, म्हणजे कोपरं तिरक्या गादीवर टेकवून बायसेप्स मारायच्या बाकाची, सीट वेल्ड करून टाकलीय, हे काही पटलं नाही. उंच माणसाला पुढे वाकावं लागतं आणि कोपर गादीवरून सुटतं. बाकी या बेंचवर जड भाग खालचा. वर बार आला की बायसेप्सला सुट्टी. तेव्हा वर थांबू नका, तीन सेकंद घेत खाली या. हात सरळ होताना बार धाडकन सोडला तर कोपराजवळच्या टेंडनला दुखापत होऊ शकते.

आता लेग प्रेस, म्हणजे वजन लावलेली स्लेड (सरकती गाडी) पायांनी ढकलायचं मशीन. स्लेड अडवणारे सेफ्टी स्टॉप इतके वर बसवलेत, की गुडघा काटकोनात यायच्या आधीच ती अडते. मग काय, पोरं प्लेटांवर प्लेटा चढवतात आणि चार बोटं हालचाल करून उतरतात. तालमीत अशी अर्धी बैठक मारली तर वस्ताद मोजणारच नाहीत. स्टॉप दोन भोकं खाली घ्यायला सांगा. ट्रेनर कुरकुरतो, पण पाना आणून घेतो. मग वजन निदान एक तृतीयांश कमी करा. माकडहाड गादीवरून उचलायच्या बेतात येईल तिथपर्यंतच खाली या, सेकंदभर थांबा, मग ढकला. टाचा सुटत असतील तर पाय फळीवर थोडे वर ठेवा.

संध्याकाळी ६ ते ८ लेग कर्लला रांग असते. डंबेल ५ किलोनंतर थेट ७.५ चे, म्हणजे खांद्यासाठी एकदम दीडपट. त्यापेक्षा केबलच्या स्टॅकवर ठेवायचं छोटं जादा वजन काउंटरवर मागून घ्या; ते बाहेर मांडलेलं नसतं.