आउटबॅकमध्ये कडे शोधताना: ऑफलाइन नकाशा-ॲपचा हिवाळाभराचा अनुभव

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेसमध्ये चढायचं म्हटलं की सगळे मूनरी या प्रसिद्ध कड्यावर जातात. पण त्याच लालसर क्वार्ट्झाइटचे (वाळूखडकापासून बनलेल्या अतिशय कठीण दगडाचे) कितीतरी कातळ आजूबाजूच्या रांगांमध्ये आहेत आणि त्यांच्याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं नाही. ते हुडकायला मी अख्खा हिवाळा एक पैसे भरून घेतलेलं ऑफलाइन नकाशा-ॲप वापरलं. राहायला ॲडलेड, चढायला शिकलो सह्याद्रीत.

कंटूरवर, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांवर, विसंबू नका. इथल्या १:२,५०,००० नकाशांवर दोन रेषांमध्ये ५० मीटरचा फरक असतो, म्हणजे ४० मीटरचा सरळ कडा त्यांच्यात साफ लपतो. कडा दाखवते ती सावली. ॲपमधली सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं सकाळी साडेदहाच्या सुमाराची असतात. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे त्या वेळी सावली नैर्ऋत्येला पडते आणि त्या बाजूला तोंड असलेला कडा ठळक काळ्या रेघेसारखा दिसतो. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ती रेघ सर्वांत लांब असते. ईशान्येकडचे कडे मात्र उजेडात सपाट दिसतात, सहज निसटतात. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेची भिंत तापते, इथे उत्तरेची. गार भिंत हवी तर दक्षिणेकडची शोधायची, हे मनात पक्कं बसायला वेळ लागतो.

दगड कसा आहे हे ॲप सांगत नाही. त्यासाठी दुर्बीण आणि पायपीट. पण चांगला क्वार्ट्झाइट हाती लागला की काय सुख! आडव्या भेगांमध्ये कॅम (दोर अडकवण्यासाठी भेगेत बसवायचं साधन) घट्ट बसतो. आपल्या बेसॉल्टवर मेख ठोकताना जी धास्ती वाटते ती इथे नाही.

जमिनीच्या बाबतीत ॲप फार कमी पडतं. तुटक रेषांनी दाखवलेल्या वाटा मेंढपाळीच्या खासगी स्टेशनांतून, म्हणजे प्रचंड मोठ्या पशुपालन-मळ्यांतून, जातात, त्यामुळे आधी स्टेशनवर फोन करून परवानगी घ्यायची. विल्पेना पाउंड हे डोंगरांनी वेढलेलं खोलगट मैदान म्हणजे इथल्या मूळ रहिवासी अदन्यामथान्हा लोकांचं इकारा. तिथल्या सेंट मेरी पीक या शिखराच्या माथ्यावर जाऊ नका, अशी त्यांची विनंती आहे. ॲपमध्ये मात्र तिथली वाट इतर वाटांसारखीच दिसते. आणि रॉन्स्ली क्वार्ट्झाइटच्या तळच्या थरांमध्ये एडिआकारन या अतिप्राचीन काळातले जीवाश्म आहेत. तिथे छिन्नी नको, बोल्टही नको.

फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं. पण ते तुमची हाक कुणापर्यंत पोचवत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) अंगावर हवाच; त्याची नोंदणी सरकारी आम्सा संस्थेकडे मोफत होते. निळ्या रंगाने दाखवलेले ओढे बहुतेक वेळा कोरडे असतात, तेव्हा पाणी सगळं गाडीतून न्या.

फक्त मूनरीवर चढणार असाल तर गाइडबुक पुरे, वर्गणी भरू नका. नवे कडे शोधायचे असतील तर जरूर घ्या, आणि सॅटेलाइटचा थर घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा; तो फार जड असतो.