४ नंबरचा लोखंडी रंधा: तीन स्टार, तेही दोन दिवस घासल्यावर

पहिले सांगून ठेवतो, मी काही सुतार नाही. कापूस-तुरीची शेती, दारव्हा तालुका, आणि दोन उन्हाळ्यांपासून गोठ्याच्या पडवीत आपली खुटखुट चालू. हा नाद लावला मोबाईलवरच्या दोन अमेरिकन माणसांनी. एक नॉर्म अब्राम, दाढीवाला, चौकड्याचा शर्ट, त्याचा 'न्यू यँकी वर्कशॉप' तिकडच्या पीबीएस टीव्ही चॅनलवर १९८९ ते २००९ चालला. दुसरा रॉय अंडरहिल, गॅलिस आणि टोपीवाला, 'द वुडराइट्स शॉप' १९७९ ला सुरू झाला तो २०१७ पर्यंत, आणि सगळं हातानं, मशीनचं नाव नाही. नॉर्मकडं टेबल सॉ म्हणजे टेबलातली करवत, राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडायचं मशीन, खिळे ठोकायची हवेची बंदूक, सगळं विजेवर. आमच्याकडं लाईटचा भरोसा नाही म्हणून बघायला नॉर्म आणि कामाला रॉय, असा हिशोब करून हा रंधा ऑनलाईन मागवला, १४०० रुपये.

डबा उघडला तर दिसायला एकदम झकास. ४ नंबर म्हणजे साडेनऊ इंच लांब, २ इंची पातं, मूठ हातात मस्त बसते. जुन्या घराची सागाची चौकट काढून ठेवली होती तिच्यावर फिरवला तर दोन बोटं पुढं जाऊन रुतला. रॉय फिरवतो तेव्हा कागदासारखी लांब सालपटं निघतात, माझ्याकडं नुसता भुगा आणि लाकडावर ओरखडे. गावातले वाढई काका, म्हणजे सुतार, चहाला आले होते, त्यांनी पातं अंगठ्यावर घासून पाहिलं आणि म्हणे, "धार कोन लावन याले? तो टीवीवाला काय?"

इथंच गोम आहे बघा. अर्ध्या तासात नॉर्मचं कपाट उभं राहते, पण तो आधी एक नमुना बनवून मगच कॅमेऱ्यासमोर येत होता. रॉयची हत्यारं धार लावूनच ठेवलेली असतात. धारेवर त्यानं एपिसोडही केलेत, मीच ते पुढं ढकलले, कोण बघते धार लावणं!

मग कडाप्प्याच्या तुकड्यावर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवला, रंध्याच्या तळावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या आणि घासत बसलो. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या दुपारपर्यंत तशाच, म्हणजे तळ मधून खोलगट. कंपनीनं एवढं तरी करून द्यायला पाहिजे होतं ना बाप्पा! बाजूही तळाशी काटकोनात नाही, गुण्या लावला की उजेड दिसते. मागचं पितळी चाक दीड फेरा नुसतंच फिरते, मग कुठं पातं हलते. दुसऱ्या दिवशी पात्याची पाठ सपाट केली, २५ अंशाचा उतार दगडावर धरला, आणि संध्याकाळी पहिलं लांब सालपट निघालं, सागाच्या तेलकट वासाचं. ते मी खिशात ठेवलं, हसू नका.

आईसाठी पाट केला त्याच चौकटीचा, साल-कुसू लावून, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, स्क्रू एकही नाही. मधात एक जुना खिळा लपलेला होता, खटकन आवाज आला, पात्याला दाणा पडला आणि बारीक काहीतरी उडून डोळ्यासमोर टक लागलं. चष्मा होता म्हणून बरं. नॉर्म दर एपिसोडला सेफ्टी चष्म्याचं सांगायचा, म्हणून ६० रुपयांचा घेतला होता, गावातली पोरं मला वेल्डिंगवाला म्हणतात त्याच्यापायी.

ज्याला घासायची तयारी आहे त्यानं घ्यावा. डब्यातून काढला की सुरू असं पाहिजे असेल तर हा नाही, पैसे जास्त टाका. स्वस्त म्हणून दोन घ्यायचा विचारही नको, एकाच्याच घासण्यात खांदा जातो.

परवा वाढई काका "दार घासते, पाच मिनिटाचं काम हाय" म्हणून घेऊन गेले. अजून परत आला नाही.