सान होसेतला पहिला दिवस: चौघांच्या गटाला गंडवतात ते असं

कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेत, मित्रांचा गट लुबाडणं एकट्या प्रवाशापेक्षा सोपं जातं. बिल कोणीतरी तपासलं असेल, बॅगांवर कोणाची तरी नजर असेल असं चौघंही धरून चालतात. त्यात लांबच्या प्रवासाचा शिणवटा आणि नोटांवरची शून्यं.

सगळ्यात महागात पडतो तो टायरचा प्रकार. हुआन सांतामारिया विमानतळ सान होसेत नाहीच, तो शेजारच्या आलाहुएलात आहे, शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर. भाड्याची गाडी तिथेच घेतली जाते आणि ती कोणाची आहे हे लांबूनच ओळखू येतं: मागच्या काचेतून सुटकेस दिसतात, आतले चौघं मोबाइलवरचा नकाशा बघत असतात. गाडी कुठेतरी पाच मिनिटं उभी राहते किंवा सिग्नलला थांबते, तेवढ्यात टायरला बारीक छेद दिला जातो. हवा हळूहळू जाते. काही किलोमीटरवर गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि नेमका तेव्हाच कोणीतरी शेजारून हात करून टायर दाखवतो. तुम्ही थांबता, तोही थांबतो.

पुढचं काम वाटून घेतलेलं असतं. एक जण जॅक लावतो. दुसरा गोड बोलत सगळ्यांना त्याच चाकापाशी जमवतो. कोणी टॉर्च धरतं, कोणी नट सांभाळतं. तिसरा पलीकडच्या बाजूचं दार उघडून सीटवरची सॅक उचलतो. टायर मात्र व्यवस्थित बदलून मिळतो. सॅक गेल्याचं हॉटेलवर पोचल्यावर कळतं.

म्हणून हवा गेली तरी थांबायचं नाही. पार्किंग लाइट लावून अगदी हळू पुढचा पेट्रोल पंप गाठायचा. तिथे लोक त्याला बोंबा म्हणतात. रिम वाकली तर तिचे पैसे भरावे लागतील, तरी ते पासपोर्ट जाण्यापेक्षा स्वस्त. थांबावंच लागलं तर काचा वर, दारं लॉक, एकानेच उतरायचं आणि किल्ली त्याच्याच खिशात. मदतीला आलेल्याला हसून नको म्हणायचं, काच खाली न करता. गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे डिकी उघडून बघा. पासपोर्ट अंगावर, कपड्यांच्या आत. रस्त्यावर फिरताना फोटो असलेलं पान आणि प्रवेशाचा शिक्का असलेलं पान यांची झेरॉक्स जवळ ठेवायची.

भारतीय पासपोर्ट असेल तर नुकसान दुप्पट. कोस्टा रिकासाठीचं भारतीय दूतावासाचं काम शेजारच्या पनामातून चालतं. शिवाय बरेच जण अमेरिकेच्या व्हिसाच्या आधारे या देशात येतात. तो व्हिसा त्याच पासपोर्टात असतो आणि परतीचं विमानही अनेकदा अमेरिकेतूनच असतं.

गाडीच्या काउंटरवरचा फटका कायदेशीर आहे, पण तो गंडवल्यासारखाच लागतो. ऑनलाइन दिवसाला दहा-बारा डॉलर दिसतात. प्रत्यक्षात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असतो आणि तो त्या आकड्यात बहुधा धरलेला नसतो. क्रेडिट कार्डाच्या विम्यानेही तो टळत नाही. वर कार्डावर मोठी अनामत रक्कम अडकते. बुकिंगच्या आधी कंपनीला ईमेल करून सगळं धरून एकूण रक्कम लेखी मागवा. ते उत्तर काउंटरवर दाखवता आलं पाहिजे.

टॅक्सीचं वेगळं. शहरातली अधिकृत टॅक्सी लाल असते, दारावर पिवळा त्रिकोण आणि त्यात परवान्याचा नंबर. विमानतळावरची नारिंगी. त्रिकोण नसलेली लाल गाडी म्हणजे पिराता, बिनपरवाना टॅक्सी, तिच्या वाटेला जायचं नाही. मीटरला तिथे मारिआ म्हणतात. बसल्या बसल्या 'पोंगा ला मारिआ, पोर फावोर' (मीटर लावा) म्हणा आणि आकडा नव्याने सुरू होतोय ना हे बघा; आधीच्या भाड्याचा आकडा तसाच चालू ठेवणारेही असतात. मारिआ बिघडली आहे असं उत्तर आलं की उतरा. पुण्यात रिक्षावाल्यांशी हुज्जत घालून तयार झालेल्यांना हे जड जाऊ नये.

पत्ता सांगण्यातही मेख आहे. सान होसेत पत्ते रस्त्याच्या नावाने क्वचितच सांगतात. अमुक चर्चपासून 200 मीटर उत्तरेला, असं सांगतात आणि 100 मीटर म्हणजे एक चौक. नुसतं हॉटेलचं नाव सांगितलं की चालकाला शोधत फिरायचं निमित्त मिळतं. खूण हॉटेलकडून स्पॅनिशमध्ये लिहून घ्या.

पैसे देताना नोट चालकाच्या हातात ठेवण्याआधी आकडा मोठ्याने म्हणा. तिथलं चलन कोलोन: 1,000 ची नोट लाल, 2,000 ची निळी, 5,000 ची पिवळी, 10,000 ची हिरवी, 20,000 ची नारिंगी. रात्री गाडीच्या मिणमिणत्या दिव्यात लाल आणि नारिंगीत गल्लत होते, आणि 'तुम्ही हजाराचीच दिली' म्हणणाऱ्याशी स्पॅनिशमध्ये भांडता येत नाही. डॉलरला 500 कोलोनच्या आसपास भाव असेल तर हिशेब सोपा: तीन शून्यं काढा, उरलेल्याची दुप्पट करा. 9,000 कोलोन म्हणजे 18 डॉलर. चालक 'थर्टी डॉलर' म्हणाला तर कोलोनच द्या. बॅगा येतात त्या दालनातल्या काउंटरवर पैसे बदलू नका, भाव फार पडतो. बँकेचं एटीएम शोधा आणि मशीनने रुपयांत रक्कम दाखवली तर ती नाकारून कोलोनच निवडा.

रेस्टॉरंटच्या बिलात 13 टक्के व्हॅट आणि 10 टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. तरी कार्डाच्या मशीनवर 'प्रोपिना', म्हणजे टिप, विचारतात. नाही म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही.

काही गेलंच तर तातडीसाठी 911. पण गस्तीच्या पोलिसांशी बोलून भागत नाही. चोरीची तक्रार, देनुन्सिया, ओ. आय. जे. या तपासयंत्रणेच्या कार्यालयात नोंदवावी लागते. गेलेल्या वस्तूंची यादी, पासपोर्ट क्रमांक आणि गाडीचा करारनामा घेऊन जा, स्पॅनिश येणारा हॉटेलातला कोणी मिळाला तर उत्तम. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका: दूतावास, विमा कंपनी आणि गाडीवाला, तिघंही तीच मागतात.