पिसाळलेला की चवताळलेला?

बातमी लिहिताना भाचीचं अडलं. दगड मारणाऱ्या पोरांच्या अंगावर कुत्रा धावून गेला. तो पिसाळलेला म्हणायचा की चवताळलेला?

आधी कारण पाहू. चवताळायला कुणीतरी डिवचावं लागतं. बछड्यांजवळ माणूस गेला की वाघीण चवताळते. पिसाळण्याला असं निमित्त लागत नाही, कारण कुत्र्याच्या बाबतीत मूळ अर्थ रेबीजचाच आहे.

चवताळलेला शांत होतो. पिसाळलेला कुत्रा वाचत नाही. म्हणून हा शब्द जपून वापरावा, असं मला मनापासून वाटतं. चुकीचा छापला, तर गल्लीतल्या धडधाकट कुत्र्यावर काठ्या पडतील. (चावा कुठल्याही कुत्र्याचा असो, जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा.)

माणसांबाबत फरक आणखी बोचरा. 'लाठीमारानंतर जमाव चवताळला' यात जमावाचा राग समजतो. 'जमाव पिसाळला' म्हटलं की त्याचं म्हणणंच पुसलं जातं. समुद्राला दोन्ही चालत नाहीत, तो खवळतो.

संतापामागचं कारण दाखवायचं असेल तर चवताळलेला. रोग किंवा दिसेल त्याला चावणारी हिंसा असेल तर पिसाळलेला. भाचीचा कुत्रा चवताळलेलाच.