दर दोन महिन्यांनी की महिन्यातून दोनदा? इंग्रजीतील कालवाचक विशेषणांची निवड

सोसायटीची नोटीस, कार्यालयीन परिपत्रक, रजेचा अर्ज किंवा परदेशी ग्राहकाशी करायचा करार इंग्रजीत लिहिताना आपण क्रियापदाच्या काळाची फार काळजी घेतो. प्रत्यक्ष व्यवहारात घोटाळा मात्र पुष्कळदा कालावधीला लावलेल्या विशेषणामुळे होतो. एकाच कालावधीसाठी इंग्रजीत दोन-तीन विशेषणे उपलब्ध असतात, शब्दकोशात ती जवळजवळ समानार्थी दिसतात आणि पगार, मुदत किंवा बैठकीची तारीख यांचा प्रश्न आला की मगच त्यांतला फरक जाणवतो. पुढील तुलना ज्याला यांतून एक शब्द निवडायचा आहे त्याच्यासाठी आहे. वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढण्यास जागा राहू नये, हा तिचा पहिला निकष आहे. शब्द किती रुबाबदार आहे याचा विचार त्यानंतर.

सर्वांत धोकादायक गट ‘बाय’ या उपसर्गाचा आहे. ‘बायवीकली’ म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा की आठवड्यातून दोनदा, याचे उत्तर इंग्रजी शब्दकोश ‘दोन्ही’ असे देतात, आणि ‘बायमंथली’चीही तीच अवस्था आहे. रिझर्व्ह बँक एप्रिल २०१४पासून आपल्या पतधोरणाला ‘बायमंथली’ म्हणते, ते दर दोन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून सहा वेळा जाहीर होते म्हणून. उलट अमेरिकेत नोकरीला गेलेल्या माणसाच्या नेमणूकपत्रात ‘बायवीकली’ पगार असेल तर तो दर १४ दिवसांनी, वर्षातून साधारणपणे २६ वेळा मिळतो, आणि ‘सेमीमंथली’ असेल तर महिन्यातून दोनदा, म्हणजे २४ वेळा. वार्षिक पगार ५२,००० डॉलर धरला, तर पहिल्या पद्धतीत करकपातीपूर्वी दर वेळी २,००० डॉलर येतात आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे २,१६७. वर्षाची बेरीज तीच राहते; मात्र पहिल्या पद्धतीत वर्षातील दोन महिन्यांत प्रत्येकी तीन पगार पडतात आणि उरलेल्या दहा महिन्यांत घरभाडे दोन लहान पगारांतून भागवावे लागते. गृहकर्जाचा अर्धा हप्ता ‘बायवीकली’ भरणारा तर वर्षाअखेरीस बारा नव्हे, तेरा पूर्ण हप्त्यांइतकी रक्कम भरतो. ‘सेमी’ म्हणजे अर्धा, हे निश्चित असल्यामुळे या दोघांत ‘सेमी’ अधिक भरवशाचा आहे. ‘बाय’ला अशी एक बाजू नाही.

यावर ब्रिटिश इंग्रजीकडे ‘फॉर्टनाइटली’ हा चोख उपाय आहे. चौदा रात्री या जुन्या शब्दजोडीपासून तो तयार झाला. इंग्रजीचे मूळ ज्यांच्या बोलींत आहे त्या जर्मानिक टोळ्या दिवसांऐवजी रात्री मोजत, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे, आणि त्या मोजणीची खूण या शब्दात टिकून आहे. भारत, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील वाचकासाठी हाच शब्द निवडावा. अमेरिकी वाचकाला तो जुनाट वाटतो, कित्येकांना कळतही नाही, त्यामुळे तेथे सरळ ‘एव्हरी टू वीक्स’ लिहिलेले बरे. आपल्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. आपला पंधरवडा महिन्याच्या अर्ध्या भागाशी बांधलेला आहे, इंग्रजी ‘फॉर्टनाइट’ दोन आठवड्यांशी. १ आणि १५ तारखेला निघणारे पाक्षिक वर्षाला २४ अंक देते, तर काटेकोरपणे दर चौदा दिवसांनी निघणारे २६. वर्गणीदाराशी वा छापखान्याशी करार करताना हा दोन अंकांचा फरक विशेषणावर न सोडता आकड्यात लिहावा.

वर्षाच्या बाबतीत गोंधळ थोडा कमी आहे, पण संपलेला नाही. ‘बायेनियल’ म्हणजे दर दोन वर्षांनी; १८९५पासून भरणारे व्हेनिसचे कलाप्रदर्शन आणि २०१२मध्ये सुरू झालेले कोची-मुझिरिस प्रदर्शन ‘बिएनाले’ म्हणवतात ते याच अर्थाने. ‘बायॅन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा. उच्चार इतके जवळचे असताना दुसरा शब्द वापरण्याचे कारणच नाही, कारण ‘हाफ-इयरली’ भारतात सर्वांना कळतो. सरकारी रोख्यांवरचे व्याज येथे ‘हाफ-इयरली’ मिळते, अमेरिकी रोख्यांच्या बाबतीत त्यालाच ‘सेमी-ॲन्युअल’ म्हणतात. दोन्ही निर्दोष आहेत, वाचक कोण आहे ते पाहून ठरवावे.

‘ॲन्युअल’ आणि ‘इयरली’ यांतील निवड अर्थाची कमी आणि वेषाची जास्त आहे. लॅटिन घराण्यातला ‘ॲन्युअल’ कायद्याच्या व कार्यालयाच्या ठराविक जोड्यांत बसलेला आहे: अहवाल, रजा, सर्वसाधारण सभा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाच्या सभेला ‘इयरली जनरल मीटिंग’ लिहिले तर अर्थ कळेल, पण सभासद हसतील. घरगुती पत्रात मात्र ‘इयरली’ मोकळा वाटतो. आठवड्यासाठीही ‘हेब्डोमॅडल’ असा भारदस्त शब्द आहे आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाची त्या नावाची कारभारी परिषद १८५४पासून २०००पर्यंत होती. त्या परिषदेबाहेर तो शब्द वापरण्याचे धाडस कोणी करू नये. ‘डेली’ला तर व्यवहारात प्रतिस्पर्धीच नाही, कारण ‘डायर्नल’ शास्त्राच्या पुस्तकात राहतो. मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते म्हणून ती ‘सेमीडायर्नल’ ठरते, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. बागकाम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अहवाल ‘ॲन्युअल’ असतो तो दर वर्षी येतो म्हणून, आणि रोप ‘ॲन्युअल’ असते ते एका हंगामात वाढून, बी धरून मरते म्हणून. गाजर त्याच हिशेबाने ‘बायेनियल’ आहे. ते दोन वर्षांनी एकदा उगवते असे नव्हे, त्याचे आयुष्य दोन वर्षांचे असते.

आता अंक आणि कालावधी मिळून होणारे विशेषण. मराठीत ‘पाच वर्षांची योजना’ आणि ‘पाच वर्षांचा अनुभव’ यांची घडण एकच आहे, त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे ‘फाइव्ह इयर्स’ लिहिण्याची सवय आपल्याला लागते. इंग्रजी मात्र येथे दोन वाटा ठेवते. योजना, करार, अभ्यासक्रम अशा मोजता येणाऱ्या गोष्टीपुढे कालावधी एकवचनी राहतो व मध्ये जोडरेघ येते. १९५१ची आपली पहिली पंचवार्षिक योजना म्हणून ‘फाइव्ह-इयर प्लॅन’ आहे. अनुभव, पूर्वसूचना अशा न मोजता येणाऱ्या गोष्टीपुढे अनेकवचन येते आणि त्यामागे षष्ठीचे, वर लिहिलेल्या स्वल्पविरामासारखे चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, हवे: ‘फाइव्ह इयर्स’ एक्स्पीरियन्स’. रजेसाठी दोन्ही रचना चालतात. युद्धांच्या नावांत या दोन्ही पद्धती समोरासमोर दिसतात: १७५६ ते १७६३चे युद्ध ‘सेव्हन इयर्स’ वॉर’ या जुन्या अनेकवचनी पद्धतीचे आहे, तर १९६७चे अरब-इस्रायल युद्ध ‘सिक्स-डे वॉर’ या एकवचनी पद्धतीचे. (१३३७ ते १४५३ या युद्धाला ‘शंभर वर्षांचे’ म्हणतात ते हिशेबात ११६ वर्षांचे भरते, पण तो दोष व्याकरणाचा नाही.) अर्जात शंका असेल तेव्हा जोडरेघेची एकवचनी रचना निवडावी, कारण अपॉस्ट्रॉफी गाळली जाण्याची भीती तेथे नसते.

‘धिस’, ‘कमिंग’ आणि ‘नेक्स्ट’ यांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण त्यांचा अर्थ बोलण्याच्या दिवसावर अवलंबून असतो. ‘नेक्स्ट वीक’ व ‘नेक्स्ट इयर’ यांत अडचण नाही. वाराचे नाव आले की मात्र मोजणी आजपासून करायची की चालू आठवडा सोडून, हे प्रत्येक जण आपल्या घरच्या सवयीने ठरवतो. सोमवारी लिहिलेल्या ‘नेक्स्ट फ्रायडे’चा अर्थ काहींना चार दिवसांनी येणारा शुक्रवार वाटतो, काहींना अकरा दिवसांनी येणारा. आपल्याकडे ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो, पण क्रियापद त्याला ताळ्यावर आणते. ‘नेक्स्ट’च्या बाबतीत दोन्ही शुक्रवार भविष्यातलेच असल्याने ती मदत मिळत नाही. ‘धिस कमिंग फ्रायडे’ बऱ्यापैकी सुरक्षित आहे, तरी नोटिशीत वारासोबत तारीख घालणे केव्हाही चांगले.

‘लास्ट’ आणि ‘पास्ट’ यांत मी निःसंकोचपणे ‘पास्ट’च्या बाजूने मत देईन. ‘लास्ट इयर’ म्हणजे सरलेले वर्ष; त्यापुढे ‘द’ लागला की आजपर्यंतचे बारा महिने. मराठीत उपपद नसल्याने ते आपल्या हातून हमखास गळते आणि कालावधीच बदलतो. शिवाय ‘लास्ट’मध्ये अखेरचा असाही अर्थ आहे, त्यामुळे कराराचे ‘लास्ट थ्री मंथ्स’ म्हणजे मागचे तीन महिने की मुदतीतले शेवटचे तीन, असा वाद उभा राहू शकतो. ‘द पास्ट थ्री मंथ्स’ आजपासून मागेच मोजले जातात. ‘प्रीव्हियस’ हा तिसरा पर्याय दिसायला नेमका आहे, पण कशाच्या आधीचा हे सांगितल्याशिवाय तो अर्धवट राहतो. १९६१च्या आयकर कायद्याने ज्या वर्षात उत्पन्न मिळाले त्याला ‘प्रीव्हियस इयर’ म्हटले, ते त्यापुढच्या ‘असेसमेंट इयर’च्या आधीचे म्हणून, परिणामी चालू वर्षाचा पगार घेणारा नोकरदार कायद्याच्या भाषेत ‘मागील वर्षा’त वावरत असे आणि विवरणपत्र भरताना चुकीचे वर्ष निवडत असे. २०२५च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६पासून ही दोन्ही नावे काढून ‘टॅक्स इयर’ हे एकच नाव ठेवले आहे.