कायओएससाठी अ‍ॅप लिहावं का? काही महिने वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीनंतर मी कायओएससाठी, म्हणजे कळांच्या स्वस्त फोनांत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, एक अ‍ॅप लिहायला घेतलं. आता २०१९चा पावसाळा सुरू झालाय, अ‍ॅप लोकांच्या हातात आहे, आणि "यात पडण्यासारखं काही आहे का?" असं विचारणारे ओळखीतले डेव्हलपर वाढलेत. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

अ‍ॅप साधं आहे. डेअरीला दूध घालणाऱ्याने सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर टाकायचे आणि दहा दिवसांचं बिल आलं की आपला आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. आमच्या भागात हे काम करणाऱ्या बहुतेकांच्या खिशात कळांचा फोन असतो. जिओफोन २०१७ साली १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला, पुढच्या वर्षी जुना फोन देऊन ५०१ रुपयांत मिळू लागला, आणि सप्टेंबर २०१८मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर तर घराघरात शिरला. आत चालते ती कायओएस. २०१८च्या सुरुवातीला मोबाइल वापराची आकडेवारी काढणाऱ्या डिव्हाइसअ‍ॅटलासच्या पाहणीत भारतात तिने आयफोनला मागे टाकून फोनप्रणालींत दुसरा क्रमांक घेतला होता. गूगलने त्याच वर्षी कायओएसच्या कंपनीत २.२ कोटी डॉलर घातले, आणि मे २०१९मध्ये कंपनीने १० कोटी फोनांचा आकडा जाहीर केला.

आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. त्याकडे नंतर येतो.

आधी चांगलं. शिकायला नवीन भाषा लागत नाही. वेबपानं लिहायची एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येत असेल तर पहिल्याच संध्याकाळी फोनवर काहीतरी उभं राहतं. मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएस या फोनप्रणालीच्या राखेतून ही प्रणाली उठली असल्याने मॅनिफेस्टची (अ‍ॅपची ओळख सांगणारी) फाइल, परवानग्यांच्या पायऱ्या, पॅकेज केलेलं अ‍ॅप आणि सर्व्हरवरून चालणारं अ‍ॅप असे दोन प्रकार, हे सगळं तिकडूनच आलंय. पण तिच्या पोटातलं गेको ४८ हे वेबपानं दाखवणारं इंजिन २०१६च्या फायरफॉक्सच्या काळातलं आहे. मांडणीची नवी सीएसएस ग्रिड नाही, जावास्क्रिप्टचं नवं एसिंक-अवेट नाही. नवा कोड जुन्या इंजिनला समजेल असा करणाऱ्या बेबेलमधून कोड गाळून घ्यावा लागतो आणि मांडणी जुन्या फ्लेक्सबॉक्सवर भागवावी लागते. रिअ‍ॅक्ट ही तयार कोडाची लायब्ररी चालते, पण ५१२ एमबी रॅमच्या फोनवर तिचं ओझं जाणवतं. मी शेवटी कोणतीच लायब्ररी न घेता लिहिलं आणि तेच बरं झालं.

खरी मजा पडद्यावर. २४० बाय ३२० पिक्सेल, त्यातही वरची पट्टी आणि खालची सॉफ्ट-कीची (पडद्याखालच्या कळांची कामं दाखवणारी) पट्टी वजा करा. बोट लावायला जागाच नाही, सगळं चार बाणांच्या कळेवर. फोकस, म्हणजे निवड, आत्ता कुठे आहे हे दिसलं नाही की माणूस हरवलाच. म्हणून मी प्रत्येक पानावर एकच यादी ठेवली, निवडलेली ओळ गडद रंगात, मधली कळ म्हणजे 'ठीक', डावी-उजवी फक्त त्या पानापुरती. मागे जाण्याची कळ आपण अडवली नाही तर ती सरळ अ‍ॅपच बंद करते, तेही अर्ध्या भरलेल्या नोंदीसकट. त्यामुळे एकेक आकडा टाकताक्षणीच साठवतो. मध्येच फोन आला, मेमरी कमी पडून प्रणालीने अ‍ॅप मारलं, तरी सकाळची नोंद जागेवर.

आकडे टाकायला मात्र हा कीपॅड टचस्क्रीनपेक्षा सरस आहे. दशांशचिन्हाची वेगळी कळ नाही, ते काम मी * ला दिलं. चार, तारा, दोन: फॅट ४.२. ओल्या हाताने, गोठ्यात उभ्या उभ्या, न बघता टाकता येतं. मराठी अक्षरं टाइप करणं मात्र जिकिरीचं, जोडाक्षर आलं की लोक कंटाळतात. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये अक्षरं टाइप करायची जागा एकच, गाईचं नाव, आणि तीही ऐच्छिक. (लोक ती हमखास भरतात. 'कपिला' तर जोडाक्षराशिवाय येते.) देवनागरीसाठी ओळींची उंची सढळ ठेवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात.

आता अडचण. ग्राहकाच्या हातातल्या जिओफोनवर डीबगिंग (संगणकाला जोडून अ‍ॅप तपासायची सोय) बंद असतं आणि त्याचं अ‍ॅपचं दुकानही वेगळं, जिओस्टोअर. बाकीच्या कायओएस फोनांना कायस्टोअर. म्हणजे १० कोटींचा आकडा वाचून कामाला लागणाऱ्या आपल्याकडच्या डेव्हलपरला प्रत्यक्षात एकाच टेलिकॉम कंपनीच्या दारातून आत जावं लागतं. कोड कसा लिहिलाय याच्याशी त्या दाराला देणंघेणं नाही. त्यांना आपल्या अ‍ॅपची गरज वाटते का, एवढाच प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपची वाटते, यूट्यूबची वाटते. दुधाच्या हिशेबाची वाटावी अशी अपेक्षा मी धरली नाही. आमचं अ‍ॅप आधी साधं वेबपान म्हणून ब्राउझरमध्ये उघडतं, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, आणि कायस्टोअरचं पॅकेज त्याच कोडातून वेगळं निघतं. बहुतेक वापर वेबपानाचाच आहे.

पैशाचं काय? कळांचा फोन वापरणारा अ‍ॅपसाठी पैसे देईल असं समजू नका. कायअ‍ॅड्सच्या जाहिराती लावता येतात, पण अडीच इंचाच्याही आतल्या पडद्यावर जाहिरात आली की आकडे गायब. मी लावल्या नाहीत. आमचे पैसे दूध संकलन करणाऱ्या संस्थेकडून येतात, कारण बिलावरून होणारी वादावादी कमी झाली की फायदा त्यांचा. माझ्या मते इथल्या लहान डेव्हलपरला हाच एक मार्ग दिसतो: वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा. पतसंस्था, शाळा, पाणीपट्टी, बाजार समिती. स्टोअरमध्ये टाकलं आणि लोक शोधत आले, हे इथे होत नाही.

टिकेल का, हा पुढचा प्रश्न. फायरफॉक्स ओएसचे फोन २०१३मध्ये आले, ऑगस्ट २०१४मध्ये भारतात इंटेक्सने १,९९९ रुपयांना एक आणला, आणि डिसेंबर २०१५मध्ये मोझिलाने स्मार्टफोनचा नाद सोडल्याचं जाहीर केलं. ज्यांनी फक्त त्याच दुकानासाठी लिहिलं होतं त्यांचं काम गेलं. ज्यांचं काम मुळात वेबवर होतं ते मजेत राहिले. कायओएसची बाजू तेव्हापेक्षा भक्कम आहे, कारण ती स्वस्त स्मार्टफोनशी झुंजायला गेली नाही, कळांच्या फोनातच राहिली. पण अँड्रॉइड गोचे (स्वस्त टचफोनांसाठीच्या हलक्या अँड्रॉइडचे) फोन किमतीत खाली उतरतायत. आमच्या वापरकर्त्यांत आई-वडील कळांवर आणि मुलगा टचवर, हे चित्र आताच दिसतं. मी हे काम चालू ठेवणार आहे, पण फक्त कायओएसवर चालेल असं काही नवीन लिहिणार नाही.

उतरायचंच असेल तर चाचणीसाठी नोकिया ८११० फोर-जी घ्या, तो पिवळा केळीसारखा वाकलेला. भारतात ५,९९९ रुपयांना आला. *#*#३३२८४#*#* डायल केलं की डीबगिंग सुरू होतं. संगणकावर फायरफॉक्सची ५९ किंवा त्याआधीची आवृत्ती वेगळी ठेवा, कारण जोडणी त्यातल्या वेबआयडीई या जुन्या साधनातूनच होते, आणि तिचं आपोआप अपडेट होणं आधी बंद करा. शिवाय एखादा जिओफोन घरातल्या कुणाच्या तरी रोजच्या वापरात असू द्या. सिम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) छान पळणारी यादी त्यावर कशी अडखळते ते तिथेच कळतं.