साठ महिन्यांतले मोफत महिने किती? गाडीची बॅटरी बदलल्यानंतरचा अभिप्राय

दहा दिवस एका जागी उभी असलेली गाडी सुरू करायला गेलो, तर किल्ली फिरवल्यावर बोनेटखालून नुसती टकटक ऐकू आली. डॅशबोर्डवरचे दिवे आधी मंदावले आणि मग घड्याळासकट सगळेच विझले. मल्टीमीटर लावला तेव्हा ११.४ व्होल्ट दिसले. पूर्ण चार्ज झालेल्या, काही तास विसावलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात, १२.२ म्हणजे साधारण निम्मा साठा आणि १२च्या खाली गेली की ती जवळपास रिकामी झाली असे धरावे लागते. बॅटरी अवघी ३१ महिन्यांची होती आणि तिच्या लेबलवर ‘६० महिने वॉरंटी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, त्यामुळे त्या सकाळी मी फारसा चिंतेत नव्हतो. पुढच्या तीन दिवसांत त्या साठ महिन्यांचा खरा अर्थ कळला, म्हणून नव्या बॅटरीचा हा अभिप्राय बराचसा वॉरंटीविषयीच आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांना वेगवेगळ्या अटी असतात आणि नुसत्या नावावरून वाचकाची दिशाभूल होण्याचीच शक्यता अधिक.

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणकीय यंत्रणा थोडा थोडा प्रवाह ओढत असतात. तो ५० मिलीअँपियरच्या आत असेल तर सर्वसाधारण मानला जातो. माझ्या गाडीत तो ४० भरला. या हिशेबाने दहा दिवसांत सुमारे साडेनऊ अँपियर-अवर (बॅटरीतला साठा मोजण्याचे एकक) खर्च होतात आणि ४५ अँपियर-अवरच्या निरोगी बॅटरीला एवढी तूट सहज सोसते. म्हणजे ही बॅटरी केवळ उतरली नव्हती, तिची साठवणक्षमताच गेलेली होती. हा फरक वॉरंटीच्या दृष्टीने कळीचा आहे, कारण सगळ्याच कंपन्या ‘उतरलेली’ बॅटरी चार्ज करून परत देतात. बदलून मिळते ती फक्त ‘निकामी’ ठरलेली, आणि तेसुद्धा दोष निर्मितीतला असेल तरच.

जंप स्टार्ट करून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर, गाडी चालू झाल्यावर इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक होता. ही तपासणी नवी बॅटरी घेण्याआधी प्रत्येकाने करावी, असे आग्रहाने सांगेन. चार्जिंग साडेतेराच्या खाली किंवा पंधराच्या वर असेल तर नवी बॅटरीही लवकरच मान टाकते आणि मग दावा ‘वाहनातील विद्युत दोष’ या एका ओळीवर फेटाळला जातो.

दाव्याचा अनुभव असा. विक्रेत्याने बॅटरी ठेवून घेतली, तात्पुरती दुसरी बसवून दिली आणि दोन दिवस चार्ज करून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, केली. बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी (सेल) एक मेल्याचे निष्पन्न झाले आणि दावा मान्यही झाला. इथवर तक्रारीला जागा नव्हती. मात्र साठपैकी मोफत बदलून देण्याचे महिने पहिले १८च होते. उरलेले ४२ महिने ‘प्रो-राटा’, म्हणजे वापराच्या काळानुसार घटत जाणाऱ्या सवलतीचे. माझी समजूत होती की २९ महिने शिल्लक आहेत तर निदान ४८ टक्के सवलत मिळेल. प्रत्यक्षात ती महिन्यांवर मोजलेली नव्हती, तर टप्प्यांवर होती. एकतिसावा महिना ज्या टप्प्यात पडत होता तिथे सवलत ३० टक्के होती आणि तीही छापील किमतीवर. गंमत अशी, की तोच विक्रेता तीच बॅटरी कोणाही गिऱ्हाइकाला जुनी परत घेऊन छापील किमतीपेक्षा २६ टक्के कमी दराने देत होता. दाव्यात जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते, त्यामुळे तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत. साडेतीन वर्षांच्या त्या भारदस्त आश्वासनाची माझ्यापुरती किंमत चार टक्के निघाली. शिवाय दाव्यात मिळणाऱ्या बॅटरीला नवी वॉरंटी नव्हती, जुनीचीच उरलेली मुदत पुढे चालणार होती. मी दावा सोडून दिला आणि दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेतली.

निवड करताना या वेळी एकूण महिन्यांकडे पाहिलेच नाही. समोर दोन पर्याय होते. पहिला तोच ६० महिन्यांचा, दुसरा साधारण १२ टक्के महाग आणि लेबलवर ४८ महिनेच लिहिलेला. दुसऱ्यात मोफत बदलाचे महिने मात्र ३६ होते. किमतीला मोफत महिन्यांनी भागले की दुसरा पर्याय सरळसरळ स्वस्त पडत होता, आणि विक्रेता मात्र शेवटपर्यंत साठाचाच पाढा वाचत होता. मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची, हेही मी विचारून घेतले. खरेदीची तारीख नोंदवलेली आणि वॉरंटी कार्डावर शिक्का असेल तर मुदत त्या दिवसापासून धरली जाते. कार्ड हरवले किंवा नोंदणी राहिली तर काही कंपन्या बॅटरीवरच्या निर्मितीच्या सांकेतिक तारखेवर येतात आणि दुकानात पडून राहिलेले महिने गिऱ्हाइकाच्या मुदतीतून वजा होतात. तसेही पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरू लागतात. तीन महिन्यांच्या आतली बॅटरी मागणे म्हणजे चोखंदळपणाचा अतिरेक नव्हे. मला दाखवलेली पहिली बॅटरी सात महिन्यांची होती, ती मी परत ठेवायला लावली.

एक अवांतर, तरी उपयोगी गोष्ट. ब्रँडचे नाव आणि वॉरंटीमागची कंपनी या नेहमी एकच नसतात. युरोपातील एक्साइड टेक्नॉलॉजीज आणि भारतातील एक्साइड इंडस्ट्रीज यांचे नाव सारखे असले तरी त्या स्वतंत्र कंपन्या आहेत, त्यामुळे एका देशातले कार्ड दुसऱ्या देशात चालेल असे गृहीत धरता येत नाही. उलटपक्षी वार्ता आणि ऑप्टिमा ही नावे वेगळी असली तरी दोन्ही ब्रँड क्लॅरिऑस या एकाच कंपनीकडे आहेत. नावाच्या वलयापेक्षा जवळच्या अधिकृत सेवाकेंद्रात लोड टेस्टचे यंत्र आहे का आणि तात्पुरती बॅटरी मिळते का, याला मी अधिक वजन देईन.

लेबलवरच्या दुसऱ्या एका आकड्यातही फसगत होऊ शकते. थंडीत इंजिन फिरवण्याची क्षमता ज्या ‘सीसीए’ने दाखवतात, ती एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या मानकानुसार उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती अँपियर देता येतात आणि तरीही व्होल्टेज ७.२च्या खाली जात नाही, यावरून ठरते. युरोपीय मानकाची चाचणी वेगळी असल्यामुळे दोन लेबलांवरचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करू नये. उष्ण हवेत मात्र हा आकडा दुय्यम ठरतो. उष्णता हीच बॅटरीची खरी वैरी असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. गाडीला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असेल तर त्यासाठीच्या अधिक दणकट एजीएम किंवा ईएफबी प्रकाराच्या जागी साधी बॅटरी बसवू नये. ती लवकर खचते आणि चुकीचा प्रकार लावल्याचे कारण देऊन दावाही नाकारला जातो. टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराला मुदत बहुधा निम्मी किंवा त्याहूनही कमी असते, ती अट अगदी बारीक अक्षरांत सापडते.

बसवण्याच्या सेवेला मात्र पूर्ण गुण देता येणार नाहीत. आलेल्या कारागिराने जुनी बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवली, हे योग्यच झाले. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरव्या पावडरीचा जाड थर होता, तो त्याने खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून, तारेच्या ब्रशने घासून धातू चमकेपर्यंत साफ केला, हेही चांगले झाले. नवी बसवताना मात्र गडबड झाली. निगेटिव्ह जोडून झाल्यावर तो पॉझिटिव्हचा नट आवळायला निघाला आणि त्याचा दहा नंबरचा पाना गाडीच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर होता. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असल्यामुळे तो पाना एका बाजूने पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याला टेकला असता तर शेकडो अँपियर त्यातून गेले असते. मी हात आडवा केला, निगेटिव्ह पुन्हा काढायला लावली, पॉझिटिव्ह आधी आवळून घेतली आणि मगच निगेटिव्ह जोडली. त्याने निमूटपणे ऐकले, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. खालचा क्लॅम्पही त्याने सैलच ठेवला होता. बॅटरी हलत राहिली तर आतल्या पट्ट्यांवरचा लगदा झडतो आणि बाहेरची हादऱ्याची खूण पाहून वॉरंटीही नाकारता येते, म्हणून तो मी समोर उभा राहून घट्ट करून घेतला.

नंतर खिडक्यांची आपोआप वर जाण्याची सोय आणि घड्याळ पुन्हा जुळवावे लागले, त्याला पाच मिनिटे पुरली. काही आधुनिक गाड्यांत मात्र नव्या बॅटरीची नोंद संगणकात करून द्यावी लागते, नाहीतर जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग होत राहते. अशा गाडीसाठी ते काम बसवण्याच्या सेवेत धरलेले आहे का, हे आधी विचारावे.

आता आठ महिने झाले. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ व्होल्ट मिळतात आणि इंजिन सुरू करताना काटा १०.४च्या खाली उतरत नाही. मध्ये दोन आठवडे गाडी बंद होती, तरी पहिल्याच फटक्यात चालू झाली. बिलाच्या थर्मल कागदावरची अक्षरे मात्र चौथ्याच महिन्यात पुसट झाली. त्याचे आणि शिक्का मारलेल्या कार्डाचे छायाचित्र मी खरेदीच्या दिवशीच काढून ठेवले होते. मोफत बदलाचे आणखी २८ महिने त्या छायाचित्रावर अवलंबून आहेत.